बॅथिसॉरस म्हणजे ‘खोल समुद्रातला बोंबील’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत खोल समुद्रातील शिकारी माशांवर पानभर लेख आला. मराठी दैनिकाने या विषयाला एवढी जागा दिली, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. मात्र त्यातली तीन विधाने चुकीची आहेत आणि तीच पुढे समाजमाध्यमांवर फिरत आहेत. एक, बॅथिसॉरस हा मासा ‘बोंबलाचा सख्खा भाऊ’ आहे. दोन, तो ‘समुद्राच्या सर्वांत खोल गर्तांत’ राहतो. तीन, सोबतचे छायाचित्र त्याचेच आहे. तिन्ही मुद्द्यांचे मूळ एकाच प्रश्नात आहे, ते म्हणजे माशाचे कुल कशावरून ठरते. म्हणून पत्र थोडे लांबले आहे, ते कृपया सांभाळून घ्यावे.

आधी शब्दांबद्दल. बातम्यांत ‘प्रजाती’ हा एकच शब्द कधी एका जातीसाठी, कधी वंशासाठी, तर कधी अख्ख्या कुलासाठी येतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आम्ही येथे जाती, वंश, कुल आणि गण हे चार शब्द लहानाकडून मोठ्याकडे या क्रमाने वापरतो. बोंबील ही एक जात, हार्पाडॉन नेहेरियस. तिचा वंश हार्पाडॉन, कुल सिनोडॉन्टिडी आणि गण औलोपिफॉर्मिस. बॅथिसॉरस हा एक वंश आहे. त्याचे कुल बॅथिसॉरिडी आणि गण तोच, औलोपिफॉर्मिस. म्हणजे नाते आहे, पण ते गणाच्या पातळीवरचे. या एका गणात अडीचशेहून अधिक जाती आहेत. किनाऱ्याच्या चिखलात राहणारे मासे त्यात आहेत आणि साडेचार हजार मीटरवर समुद्रतळाला टेकून बसणारेही आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात दोघे आहेत म्हणून त्यांना सख्खे भाऊ म्हणता येत नाही.

बोंबलाचे खरे जवळचे नातेवाईक कोण, हे आपल्या कोळी बांधवांनी नावातच सांगून ठेवले आहे. सॉरिडा वंशाच्या माशाला आपल्याकडे ‘चोर बोंबील’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी हाडे, पर आणि दात तपासून हार्पाडॉन व सॉरिडा या दोन वंशांना सिनोडॉन्टिडी कुलात एकाच उपकुलात बसवले. किनाऱ्यावरचे नाव आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष इतके जुळावेत, हे नेहमी घडत नाही. ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने बाजारातून चोर बोंबील आणावा आणि पोटाखालच्या जोडपराचे काटे मोजावेत. ते नऊ भरतात आणि आतले काटे बाहेरच्यांएवढेच लांब असतात. याच कुलातल्या सिनोडस वंशात ते आठ असतात आणि आतले काटे बाहेरच्यांहून बरेच लांब असतात. तोंड उघडून टाळू पाहिला, तर चोर बोंबलाच्या टाळूवर प्रत्येक बाजूला दातांचे दोन पट्टे दिसतात, सिनोडसमध्ये एकच. एवढ्यासाठी साधे भिंग पुरते.

बोंबील स्वतःही वर्गीकरणात बराच फिरला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या मासळीच्या वर्णनात त्याला नाव दिले, तेव्हा तो ऑस्मेरस या वंशात ठेवला होता. हा थंड पाण्यातल्या स्मेल्ट माशांचा वंश. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे काट्यांविना मऊ मांसाचा एक छोटा पर असतो, त्याला मेदपर म्हणू. असा पर सामनकडेही आहे आणि स्मेल्टकडेही, त्यामुळे जुन्या काळी असे कितीतरी मासे एकाच टोपलीत पडत. पुढे बोंबलासाठी स्वतंत्र कुलही काढले गेले आणि आता ते सिनोडॉन्टिडीत विलीन झाले आहे. एखाद्या खुणेवरून नाते ठरवताना ती खूण फक्त त्याच गटात आहे की दूरच्या गटांतही आहे, हे आधी पाहावे लागते. मेदपर या कसोटीला उतरत नाही.

बॅथिसॉरसच्या बाबतीतही तेच झाले. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातले महासागर पालथे घातले. त्यात मिळालेल्या माशांवरून अल्बर्ट ग्युंथर यांनी १८७८ मध्ये हा वंश आणि त्याच्या दोन जाती मांडल्या. बॅथिसॉरस फेरॉक्स म्हणजे उग्र आणि बॅथिसॉरस मॉलिस म्हणजे मऊ. चपटे डोके, डोळ्यांच्याही मागे फाकणारा जबडा, आतल्या बाजूला वळलेले आणि आतल्या दिशेनेच झुकणारे सुईसारखे दात, तळावर दबा धरून बसण्याची सवय, हे सगळे किनाऱ्याजवळच्या सिनोडॉन्टिडी माशांसारखेच. दात आत झुकतात, बाहेर झुकत नाहीत. त्यामुळे तोंडात शिरलेली शिकार पुढे सरकते, मागे फिरू शकत नाही. बोंबलाचे तोंड साफ करताना बोट आत सहज जाते आणि बाहेर काढताना ओरखडते, त्याचे कारण हेच. या साधर्म्यामुळे १९७० च्या दशकात बॅथिसॉरसला सिनोडॉन्टिडीचे एक उपकुल मानले गेले. त्या काळच्या पुस्तकांत तो बोंबलाच्या घरातच दिसतो. आपल्या लेखकाने बहुधा असाच जुना संदर्भ वापरला असावा.

तो तिथून बाहेर का पडला? औलोपिफॉर्मिस हा गण डॉन रोझेन यांनी १९७३ मध्ये मांडला, तो कल्ल्यांच्या सांगाड्यावरून. कल्ल्यांच्या वरच्या टोकाशी, घशाच्या छताजवळ, लहान हाडांची एक रांग असते. या गणातल्या माशांत त्यातले दुसरे हाड मागे आणि बाहेर लांबलेले असते. ही खूण बोंबलात आहे आणि बॅथिसॉरसमध्येही, म्हणून गण एक. मात्र कॅरोल बाल्डविन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९९६ मध्ये प्रौढ मासे आणि पिल्ले या दोहोंची हाडे-स्नायू तपासून संपूर्ण गणाची फेरमांडणी केली. तेव्हा बॅथिसॉरस सिनोडॉन्टिडीपासून दूर गेला आणि गिगँटुरा या दुर्बिणीसारख्या डोळ्यांच्या, पाण्यात अधांतरी राहणाऱ्या माशाजवळ येऊन बसला. बाहेरून पाहिले तर या दोघांत काहीच साम्य नाही. एक तळाला चिकटून, तपकिरी, सरड्यासारखा. दुसरा चंदेरी, नळीसारखे डोळे पुढे रोखलेला. तरीही ते जवळचे.

पुनरुत्पादनाची गोष्ट इथे फार बोलकी आहे. बोंबलात नर वेगळा, मादी वेगळी. बॅथिसॉरस आणि गिगँटुरा यांच्यात, तसेच याच गणातल्या खोल पाण्यातल्या इतर अनेक कुलांत, एकाच माशाच्या शरीरात अंडी आणि शुक्रपेशी दोन्ही एकाच काळात पक्व होतात. चार हजार मीटर खोलीवर वरून झिरपणारे अन्न पृष्ठभागावर तयार होणाऱ्या अन्नाच्या जेमतेम एखाद-दोन टक्के असते. त्यामुळे मोठे शिकारी मासे तिथे अतिशय विरळ राहतात. नर-मादी वेगळे असते, तर दोन मासे भेटूनही निम्म्या वेळा जोडी जमली नसती. दोन्ही अंगे असली की स्वजातीचा जो भेटेल तो जोडीदार. याचा अर्थ मासा स्वतःचीच अंडी फलित करतो असा मात्र घेऊ नये. आपल्या लेखातले ‘स्वतःच आई, स्वतःच बाप’ हे वाक्य त्यामुळे काढून टाकावे.

पिल्लांचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच लेखात नाही. टेट रेगन यांनी १९०३ मध्ये अझोर्स बेटांजवळच्या एकाच नमुन्यावरून मॅक्रिस्टियम चावेसी नावाचा मासा वर्णिला. अंग नाजूक, पर अवाढव्य, काटे दोऱ्यासारखे लांब. कोणत्याच माहीत कुलात तो बसेना, म्हणून त्याला मॅक्रिस्टिडी हे स्वतंत्र कुल मिळाले. पुढे तर क्रिटेशस काळातल्या जीवाश्म माशांचा हा जिवंत वारसदार असावा, असाही विचार मांडला गेला. रोझेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की हे कुल पिल्लांवर उभे आहे. १९७४ मध्ये रॉबर्ट जॉन्सन यांनी ते पिल्लू कोणाचे हेही नक्की केले. ते बॅथिसॉरसचे होते. सत्तर वर्षे एक अख्खे कुल पुस्तकांत नांदले आणि ते दुसऱ्या माशाचे बालपण निघाले. गिगँटुराचेही तसेच. १९३७-३८ च्या ‘रोझॉरा’ जहाजाच्या सफरीत मिळालेल्या एका गोलमटोल पिल्लाला १९५४ मध्ये रोझॉरा रोटुंडा असे वेगळे नाव मिळाले होते. १९८० च्या दशकात ते गिगँटुराचे पिल्लू असल्याचे सिद्ध झाले.

असे का होते? बॅथिसॉरसचे प्रौढ तळावर राहतात, पण पिल्ले वरच्या पाण्यात तरंगत वाढतात. प्रौढ मिळतो तळावर ओढलेल्या जाळ्यात, पिल्लू मिळते मधल्या पाण्यातल्या बारीक जाळीत. दोन वेगळी जाळी, दोन वेगळे अभ्यासक, दोन वेगळ्या बरण्या. मधल्या वयाचे मासे क्वचितच मिळतात. त्यामुळे पराच्या काट्यांची संख्या, मणक्यांची संख्या अशा वयानुसार न बदलणाऱ्या आकड्यांवरूनच पिल्लू आणि प्रौढ जुळवावे लागतात. आज पेशीतल्या डीएनएवरून हे काम लवकर होते, पण त्यासाठी मासा योग्य रीतीने जपलेला असला पाहिजे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता प्रसार. बॅथिसॉरिडी कुलात आज दोनच जाती मानल्या जातात. पूर्वी तिसरी होती, बॅथिसॉरस अगासिझी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाहेरच्या खोल पाण्यातल्या नमुन्यांवरून गुड आणि बीन यांनी ती १८८३ मध्ये वर्णिली. १९८५ मध्ये केनेथ सुलाक आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकमधले पुष्कळ नमुने मोजून ती फेरॉक्सच असल्याचे दाखवले. या एका निर्णयाने नकाशा बदलला. तोवर फेरॉक्स दक्षिणेकडची आणि अगासिझी अटलांटिकची असे चित्र होते. नावे एक होताच फेरॉक्स ही अटलांटिकपासून दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने न्यूझीलंडपर्यंत पसरलेली एक जात ठरली. मासे होते तिथेच राहिले, बदलली ती आपली मांडणी. म्हणून कोणत्याही जुन्या ग्रंथातला प्रसाराचा नकाशा उचलताना त्या काळी नाव कशाला दिले जात होते, हे तपासणे भाग असते.

दोन जाती ओळखायची सोपी खूण आहे. मॉलिसला मेदपर असतो, फेरॉक्सला नसतो. मॉलिस फिकट, जवळजवळ पांढरट आणि पिळपिळीत अंगाचा. फेरॉक्स करडा-तपकिरी आणि अंगाने घट्ट. खोलीतही वाटणी आहे. फेरॉक्स मुख्यतः खंडांच्या उतारावर, साधारण १,००० ते २,५०० मीटरच्या पट्ट्यात मिळतो, कुठे कुठे त्याखालीही. मॉलिस १,५०० मीटरच्या आसपास सुरू होतो, पण त्याचे खरे राज्य अडीच हजार मीटरखाली, सुमारे ४,९०० मीटरपर्यंत. अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्ही महासागरांत तो मिळाला आहे. उत्तर प्रशांतात, हवाईच्या परिसरात वगैरे, दूरनियंत्रित पाणबुड्यांच्या कॅमेऱ्यांत जो दिसतो तो मॉलिस. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत मे-जून २०१७ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ या संशोधन जहाजाने खोल तळाचे नमुने घेतले, तेव्हा ज्याची छायाचित्रे जगभर छापली गेली तो फेरॉक्स. एकाच उतारावर दोन्ही जाती असतात तिथे त्या जिन्याच्या वरच्या-खालच्या पायऱ्यांसारख्या राहतात, मधल्या काही पायऱ्यांवर दोघांची गाठ पडते.

यावरून ‘सर्वांत खोल गर्तांत’ हे विधान का टिकत नाही ते लक्षात येईल. गर्ता साधारण ६,००० मीटरखाली सुरू होतात आणि बॅथिसॉरस त्याच्या हजारभर मीटर आधीच थांबतो. कॅमेऱ्याने टिपलेला सर्वांत खोलवरचा मासा स्यूडोलिपारिस वंशाचा, ८,३३६ मीटरवरचा. जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत २०२२ मध्ये त्याचे चित्रण झाले. तो लिपारिडी कुलातला आहे आणि बारीक कवचधारी प्राणी खातो. बॅथिसॉरससारख्या मोठ्या, मासे खाणाऱ्या शिकाऱ्याला गर्तेत थारा मिळत नाही, यामागे दाबाइतकेच अन्नाच्या साखळीचेही कारण असावे असे आमचे मत आहे. जितके खोल जावे तितके खालच्या पायरीचे अन्नच तुटपुंजे, मग वरच्या पायरीवरचा शिकारी पोसणार कशावर?

खोलीचे आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. साधे ट्रॉल जाळे उघड्या तोंडाने खाली जाते आणि उघड्या तोंडानेच वर येते. ३,००० मीटरवरून ओढून आणताना ते वाटेतल्या सगळ्या थरांतून मासे गोळा करते. नोंदीत मात्र ‘खोली ३,००० मीटर’ एवढेच येते. तळावर बसणाऱ्या बॅथिसॉरसच्या प्रौढांबाबत ही चूक फारशी होत नाही, कारण ते मधल्या पाण्यात नसतातच. पण गिगँटुरा, कोलिओडस यांसारख्या अधांतरी राहणाऱ्या शिकाऱ्यांच्या नोंदी यामुळे हजार-दोन हजार मीटरनी खाली सरकलेल्या असतात. ठरावीक खोलीवर उघडून ठरावीक खोलीवर बंद होणारे जाळे असेल तरच तो आकडा भरवशाचा. तसेच नकाशावर उत्तर अटलांटिकमध्ये ठिपक्यांची गर्दी आणि हिंदी महासागरात रिकामी जागा दिसली, म्हणजे इथे मासे कमी असे होत नाही. तिथे जाळी जास्त वेळा पडली, इतकाच त्याचा अर्थ.

अरबी समुद्राबद्दल तर वेगळेच लिहायला हवे. आपल्याकडे साधारण १५० ते १,२०० मीटर या थरात प्राणवायू अत्यंत कमी असतो. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या थरांपैकी हा एक. अटलांटिकमध्ये अमुक मासा १,००० मीटरवर मिळतो म्हणून मुंबईबाहेरही त्याच खोलीवर मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यात मुंबईसमोरचा उथळ समुद्र सुमारे ३०० किलोमीटर रुंद. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. डोल जाळी लागतात ती उथळ पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीवर. त्या जाळ्यात बॅथिसॉरस येणे अशक्य आहे. दरवर्षी एखादी बातमी येते की डोलीत ‘खोल समुद्रातला राक्षस’ सापडला. तो बहुतेक वेळा किनाऱ्याजवळचाच, पण बाजारात न येणारा मासा असतो. बोंबीलही उथळ पाण्याचाच. त्याचा प्रसारही एकसंध नाही. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो विपुल, रत्नागिरीखाली विरळ होत जातो आणि पुन्हा भरपूर भेटतो तो थेट आंध्र, ओडिशा, बंगालच्या बाजूला. हार्पाडॉन वंशातल्या हार्पाडॉन मायक्रोकिर आणि हार्पाडॉन स्क्वामोसस या जाती मात्र खरोखर अधिक खोल पाण्यात राहतात. ‘खोल समुद्रातला बोंबील’ हे नाव कुणाला द्यायचेच असेल तर ते यांना द्यावे.

आपल्या भागातल्या खोल पाण्याच्या माशांची पायाभूत नोंद ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्याच दुसऱ्या, जुन्या जहाजावरून झाली. ते १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्यावर काम केलेले डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९९ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या खोल समुद्रातील माशांची सूची प्रसिद्ध केली. वर उल्लेखलेला हार्पाडॉन स्क्वामोसस त्यांनीच १८९१ मध्ये वर्णिला. हे सगळे मराठी वाचकांपुढे यायला हवे.

या गणातला खोल पाण्याचा एक शिकारी मात्र आपल्या मच्छीमारांच्या हाती खरोखर लागतो. तो म्हणजे अलेपिसॉरस फेरॉक्स. ट्यूनासाठी सोडलेल्या लांब दोराच्या गळांवर तो येतो. भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाच्या जहाजांनाही तो मिळाला आहे. अंगावर खवले नाहीत, पाठीवर शिडासारखा उंच पर, टाळूवर खंजिरासारखे दात, लांबी दोन मीटरपर्यंत. मांस पाणचट असल्याने भाव नाही, म्हणून फेकून देतात. पण त्याचे पोट फार मोलाचे असते. गिळलेले अन्न पोटात बराच वेळ जवळजवळ न पचता राहते, त्यामुळे आत मिळणारे मासे, खेकडे, माकूळ ओळखता येतात. जाळ्यांना चुकवणारे कितीतरी प्राणी अशा पोटांतून अभ्यासकांना मिळाले आहेत. आपल्या लेखात या माशाचा साधा उल्लेखही नाही, याची आम्हाला हळहळ वाटली.

लेखाच्या शेवटी मच्छीमारांना ‘वेगळा मासा दिसल्यास बर्फात ठेवून कळवा’ एवढाच सल्ला आहे. तो अपुरा आहे. गोड्या पाण्याच्या वितळत्या बर्फात खोल पाण्याचा पाणचट मासा काही तासांत फुगतो, कातडी सुटते, परांचे काटे मोडतात आणि मग मोजायला काही उरत नाही. आधी मासा समुद्राच्याच पाण्याने हलकेच धुवावा. डोके डावीकडे येईल असा आडवा ठेवून डाव्या बाजूचे छायाचित्र घ्यावे, पर पसरलेले असावेत आणि शेजारी मोजपट्टी. दुसरे छायाचित्र उघड्या तोंडाचे, तिसरे पोटाकडून. मग उजव्या बाजूने वाटाण्याएवढा मांसाचा तुकडा काढून छोट्या बाटलीत त्याच्या दहापट भरेल एवढ्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकावा आणि दुसऱ्या दिवशी ते इथेनॉल बदलावे, कारण मांसातले पाणी उतरून ते पातळ होते. हे फॉर्मॅलिनच्या आधीच करायचे. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो आणि नंतर केलेली चाचणी बहुधा फसते.

मासा पुढे टिकवण्यासाठी बाजारातले फॉर्मॅलिन एक भाग आणि समुद्राचे पाणी नऊ भाग असे मिश्रण वापरतात. मोठ्या माशाच्या पोटातही सुईने ते भरावे लागते, नाहीतर बाहेरून घट्ट आणि आतून कुजलेला मासा हाती येतो. आठवडाभराने पाण्यात भिजवून ७० टक्के इथेनॉलमध्ये हलवतात. ताजा पाणचट मासा थेट कडक अल्कोहोलमध्ये टाकला, तर तो सुकवलेल्या बोंबलासारखा आकसतो. फॉर्मॅलिन विषारी आहे. नावेवर ते ठेवू नये आणि जाणकाराने हातमोजे घालून मोकळ्या हवेतच वापरावे. नावेवर सर्वांत सोयीचे म्हणजे मांसाचा तुकडा काढून झाला की पर अंगालगत सरळ करून, थोड्या समुद्राच्या पाण्यासह पिशवीत सपाट गोठवणे. वाकवून कोंबलेला मासा वितळताना मोडतो.

चिठ्ठी मात्र कधीही पिशवीबाहेर चिकटवू नये, ती गळून पडते. जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहून आतच टाकावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यावर तारीख, अक्षांश-रेखांश, तळाची खोली, जाळे किंवा गळ कोणत्या खोलीवर होता ती खोली आणि जाळ्याचा प्रकार एवढे असावे. तळाची खोली आणि जाळ्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच आकडा असतो आणि तो कशाचा हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. असा नमुना मुंबईत केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या केंद्राकडे, वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेकडे किंवा भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाकडे देता येतो. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

राहिला छायाचित्राचा मुद्दा. छापलेला मासा कोलिओडस आहे, म्हणजे स्टोमिफॉर्मिस या पूर्णपणे वेगळ्या गणातल्या स्टोमिडी कुलातला. पोटाच्या कडेने प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा, मिटलेल्या तोंडाबाहेर डोळ्यांपर्यंत पोहोचणारे सुळे आणि पाठीवरच्या पराचा दोऱ्यासारखा लांब पहिला काटा या तीन खुणा चित्रात स्पष्ट आहेत. बॅथिसॉरसच्या अंगावर प्रकाश देणारा एकही ठिपका नसतो. त्याचे दात पुष्कळ, पण आखूड आणि रांगांत बसलेले. शिवाय तो मधल्या पाण्यात पोहताना नव्हे, तर तळाच्या गाळावर पोटपरांचा टेका घेऊन, डोके किंचित वर करून बसलेला दिसतो. स्टोमिडी कुलाची मांडणी, पूर्वीची सहा कुले १९८५ मध्ये विल्यम फिंक यांच्या अभ्यासानंतर एकत्र कशी आली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपण जागा देणार असाल तर आम्ही तो जरूर लिहून पाठवू.

तूर्त पुढच्या रविवारी चित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. मजकूर असा असावा: ‘चित्रातील मासा कोलिओडस, कुल स्टोमिडी. लेखात वर्णिलेला बॅथिसॉरस हा बॅथिसॉरिडी कुलातील असून तो सुमारे १,००० ते ४,९०० मीटर खोलीवर समुद्रतळावर राहतो. बोंबील सिनोडॉन्टिडी कुलातला आहे.’

आपले,
सागरी मत्स्य-वर्गीकरणाचे अभ्यासक,
मुंबई